निंबाळकर (आडनाव)

निंबाळकर हे एक मराठी आडनाव आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील नाईक निंबाळकर या मराठा राजघराण्यामुळे ते विशेष परिचित झाले. फलटण तालुक्यातील निंबळक या गावावरून हे आडनाव रूढ झाले, असे मानले जाते.

व्युत्पत्ती

ग्रामनामाला ‘कर’ हा प्रत्यय जोडून मूळ गाव दर्शविणारे आडनाव तयार करण्याची पद्धत मराठीत सर्वत्र आढळते. प्रत्यय लागताना ग्रामनामाचा शेवट अनेकदा बदलतो. उदाहरणार्थ, सांगली जिल्ह्यातील माडगुळे या गावावरून ‘माडगूळकर’ हे आडनाव झाले. ‘निंबळक’ या नावाच्या शेवटी ‘क’ असल्यामुळे ‘कर’ जोडताना दोन ‘क’ लागोपाठ येतात. त्यांपैकी एक गळून व मधला स्वर दीर्घ होऊन ‘निंबाळकर’ हे रूप सिद्ध झाले, असे स्पष्टीकरण देता येते.

मूळ कुळाविषयीची परंपरा

घराण्याच्या परंपरेनुसार निंबाळकरांचे मूळ आडनाव पवार असून त्यांचा संबंध परमार राजवंशाशी जोडला जातो. मूळ पुरुष दिल्लीच्या सुलतानाच्या सेवेत असताना चौदाव्या शतकात लढाईत मारला गेला आणि त्याचा पुत्र निंबराज यास जहागीर व ‘नाईक’ हा किताब मिळाला, अशी कथा सांगितली जाते. ‘नाईक निंबाळकर’ या जोडनावातील पहिला शब्द याप्रमाणे किताब आहे, तर दुसरा शब्द स्थानवाचक आहे. गावावरून निंबराज हे नाव पडले की निंबराजावरून गावाचे, याचा निर्णय केवळ नावांच्या साम्यावरून करता येत नाही.

इतिहास

निंबाळकर हे फलटणचे देशमुख होते व आदिलशाहीच्या काळात त्यांची गणना प्रमुख मराठा सरदारांत होत असे. भोसले घराण्याशी त्यांची सोयरीक अनेक पिढ्यांची होती. मालोजी भोसले यांच्या पत्नी उमाबाई (दीपाबाई) या फलटणच्या निंबाळकर घराण्यातील होत्या. शिवाजी महाराजांच्या पत्नी व संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई याच घराण्यातील असून त्यांचा विवाह १६४० मध्ये पुणे येथे झाला. महाराजांची कन्या सखुबाई यांचा विवाह बजाजी निंबाळकर यांचे पुत्र महादजी यांच्याशी झाला.

नात्यांची ही वीण घट्ट असली तरी निंबाळकर नेहमी एकाच पक्षात नव्हते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी हैबतराव निंबाळकर छत्रपती शाहूंच्या बाजूने सरलष्कर होते. याउलट रंभाजी निंबाळकर निजामाच्या सेवेत होते. ‘रावरंभा’ हा किताब त्यांच्या शाखेची ओळख ठरला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा येथील भुईकोट किल्ला व कमलाभवानी मंदिर या शाखेशी निगडित आहेत.

ब्रिटिश काळात फलटण हे सातारा जहागिरींपैकी एक संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन होऊन सातारा जिल्ह्याचा भाग बनले.

परिसरातील इतर आडनावे

सातारा व सांगली जिल्ह्यांतील संस्थानिकांच्या आडनावांत निरनिराळ्या घडणी दिसतात. जत येथील डफळे हे मूळचे चव्हाण असून त्यांचे आडनाव डफळापूर या गावाशी जोडले जाते. औंधच्या घराण्याने ‘प्रतिनिधी’ हे पदनाम आडनाव म्हणून स्वीकारले. सांगली, मिरज व तासगाव येथील पटवर्धन घराण्यांनी मात्र गावावरून नवे आडनाव न घेता जुनेच कायम ठेवले. याच्या उलट प्रकारही आढळतो. औंध संस्थानात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी वसविलेली किर्लोस्करवाडी (सध्या सांगली जिल्हा) हे आडनावावरून पडलेले ग्रामनाम आहे.

आडनाव आणि नाते

स्थानवाचक आडनाव मूलतः गाव सांगते, वंश नव्हे. निंबळक नावाचे गाव अहमदनगर (अहिल्यानगर) शहराजवळही आहे. त्यामुळे केवळ समान आडनावावरून दोन कुटुंबे एकाच पूर्वजाची वंशज ठरत नाहीत. उलटपक्षी, आडनावे भिन्न असूनही कुळ एकच मानले गेल्याची उदाहरणे आहेत. पवार व निंबाळकर हे त्यांपैकीच एक होय. मराठा समाजात सोयरीक जुळविताना आडनावाबरोबर कूळ व देवक पाहण्याची प्रथा आहे, ती याच कारणाने. एखाद्या कुटुंबाचा पूर्वेतिहास निश्चित करण्यासाठी वतनपत्रे, महजर, निवाडे व वंशावळी यांचा पडताळा आवश्यक ठरतो.

उल्लेखनीय व्यक्ती

• सईबाई – शिवाजी महाराजांच्या पत्नी, मृत्यू १६५९.
• मालोजीराव नाईक निंबाळकर – फलटण संस्थानचे अखेरचे अधिपती, नंतर मुंबई राज्याचे मंत्री.
• भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) – क्रिकेटपटू. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा.
• रामराजे नाईक निंबाळकर – महाराष्ट्र विधान परिषदेचे माजी सभापती.