तेरचा माल भडोचला का जाई?

तेर (ता. धाराशिव) म्हणजे प्राचीन तगर, असं जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडलं. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई: पैठणपर्यंत दहा दिवस, पुढे वीस. कल्याण बंदर तर जवळ होतं, हा आक्षेप रास्त आहे. पण अंतरापेक्षा बंदरातली सोय आणि सुरक्षितता निर्णायक ठरली, असं याच ग्रंथावरून दिसतं. कल्याणात व्यापाराला आडकाठी होती. तिथे शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती असे. भडोचला मात्र राजाच्या सेवेतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, नर्मदेच्या उथळ, वाळूच्या दांड्यांनी भरलेल्या मुखातून वाट काढत, भरतीबरोबर जहाज ओढून नेत आणि ओहोटी लागली की नदीतल्या ठरलेल्या खोल डोहांत ते नांगरून ठेवत. पाहुण्या जहाजासाठी इतकी नेटकी व्यवस्था!

एकाच ग्रंथावर भिस्त कशी ठेवायची? तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती 79 साली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. मार्ग ती सांगत नाही; पश्चिमेशी असलेला संबंध मात्र दाखवते.