बोचणाऱ्या ब्रेसला गादी लावण्यापूर्वी

लखनौमध्ये मे-जूनच्या उकाड्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि अंगावर मलमलचा कुर्ताही नकोसा वाटतो. अशा दिवसांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला काखेपासून कमरेपर्यंत कडक प्लॅस्टिकचा ब्रेस घालून वावरावे लागले, तर तिची चिडचिड होणे साहजिकच आहे. ब्रेस काढल्यावर अंगावर लाल वळ दिसले की आईचा जीव तुटतो. मग ती कापूस, जुन्या गादीचा स्पंज किंवा मऊ फडक्याची घडी ब्रेसच्या आत सारते. हेतू चांगला असला, तरी त्यामुळे उपचारच वाया जाऊ शकतो.

पॅड म्हणजे उशी नव्हे

पाठीचा कणा बाजूला झुकतो आणि त्याला पीळ पडतो, त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये त्याचे नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्यामुळे तो होत नाही, तेव्हा आईवडिलांनी स्वतःला दोष देऊ नये. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, त्याच काळात हा बाकही वाढण्याची भीती असते. मुलींमध्ये ती अधिक असते.

ब्रेसमधले पॅड बाकाच्या फुगीर बाजूने बरगड्यांवर दाब देते. समोरच्या बाजूला मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, त्या पोकळीत शरीर सरकते. पोकळीत स्पंज भरला, तर सरकायला जागाच उरत नाही. पॅडवर कापसाची घडी ठेवली, तर दाब भलतीकडे पडून कातडी सोलवटू शकते.

तासांचा हिशेब

ब्रेस बहुधा कणा कायमचा सरळ करत नाही. बाक वाढू न देणे हे त्याचे काम. अमेरिका आणि कॅनडातील २४२ मुलामुलींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. ब्रेस न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. बाक ५० अंशांवर गेला की शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. दिवसाला सरासरी १३ तास किंवा त्याहून अधिक वेळ ब्रेस घालणाऱ्यांत तर यशाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते. म्हणून मुलीचे बोचणे मनावर घ्यायलाच हवे. बोचणारा ब्रेस कपाटात जातो आणि तास हातचे निसटतात.

बोचत असेल तर

• पॅडच्या जागी थोडी लाली येणारच. अर्ध्या तासात ती गेली नाही, फोड आला किंवा कातडी निघाली, तर ब्रेस काढून ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

• काखेजवळची किंवा कमरेच्या हाडावरची कड टोचत असेल, तर ती घासून घेता येते किंवा तिथे मऊ फोम बसवता येतो. मात्र हे काम ब्रेस बनवणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

• आत शिवण नसलेला, अंगाबरोबर बसणारा सुती बनियन घाला. त्याला सुरकुती राहू देऊ नका. घामाने भिजला की बदला.

• ब्रेसखाली क्रीम किंवा तेल लावू नका. त्याने कातडी नरम पडते.

• पट्टे डॉक्टरांनी केलेल्या खुणेपर्यंतच आवळा. सैल ब्रेस घसरून जास्त घासतो.

• मुलगी वाढते तसा ब्रेस अपुरा पडतो. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

कुठे जावे?

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा पुनर्वसन विभाग आजही लोकांना ‘लिंब सेंटर’ म्हणून ठाऊक आहे. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणी डॉक्टर आणि तंत्रज्ञ दोघेही भेटतात. जाताना मुलीचा बनियन, ब्रेस आणि जुने एक्स-रे बरोबर न्या. कुठे, किती वाजता, बसताना की झोपताना दुखते, हे तिलाच सांगू द्या.

वरून सैल चिकनचा कुर्ता घातला की ब्रेस सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. पण वर्गशिक्षिकेला मात्र आधीच सांगून ठेवा, म्हणजे खेळाच्या तासाला ब्रेस काढण्याची किंवा बनियन बदलण्याची सोय होईल. वाढ पूर्ण झाली की ब्रेस सुटतो. तोवर तिला घरातल्या सर्वांची साथ हवी.