तिसऱ्या वर्षाचा प्रवेश

मॉन्टेसरी बालशाळेत मूल अडीच-तीन वर्षांचे असताना दाखल होते आणि सहाव्या वर्षापर्यंत एकाच वर्गात राहते. तीन, चार आणि पाच वर्षांची मुले तिथे एकत्र बसतात. म्हणून पुढच्या वर्षासाठी पुन्हा नाव नोंदवणे म्हणजे वरच्या वर्गात जाणे नव्हे. सुरू झालेले काम मोडू न देणे, एवढाच त्याचा अर्थ. शहरातल्या खाजगी शाळा नवे प्रवेश उघडण्याआधी जुन्या पालकांकडून होकार घेतात. फॉर्म भरायचा, फीचा हप्ता द्यायचा आणि जागा राखायची. मग उरलेल्या जागा बाहेरच्यांना.

या तीन वर्षांचे गणित वर्गातल्या साधनांत दिसते. गुलाबी मनोरा घ्या. लाकडाचे दहा घन, सर्वांत लहान 1 सेंटीमीटरचा, सर्वांत मोठा 10 सेंटीमीटरचा. तीन वर्षांचे मूल ते एकेक करून सतरंजीवर आणते, रचते, पाडते, पुन्हा रचते. चूक झाली तर ताईंनी सांगावे लागत नाही, कारण मनोरा वाकडा दिसतोच. त्यानंतर खरखरीत कागदाची अक्षरे येतात. मूल त्यांवरून बोट फिरवते, तोंडाने उच्चार करते आणि हाताला वळण लागते. पुढे सुटी अक्षरे जुळवून शब्द, मण्यांच्या माळांवर दशक-शतक. ही सगळी तयारी दोन वर्षे आतल्या आत चालते. वाचन, लेखन आणि बेरीज-वजाबाकी वर येतात ती बहुधा तिसऱ्या वर्षी. त्याच वर्षी ते मूल वर्गातले थोरले होते आणि धाकट्यांना बटणे लावायला, सतरंजी गुंडाळायला शिकवते. शिकवताना त्याचे स्वतःचे शिकणे पक्के होते.

पालक नेमके याच टप्प्यावर मूल काढतात. ‘मोठ्या शाळेत’ आत्ताच जागा धरली नाही तर पहिलीला मिळणार नाही, ही धास्ती त्यामागे असते. ती अगदीच खोटी नाही. अनेक शाळा नर्सरीपासूनच प्रवेश भरून घेतात. पण महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी मुलाला दामटण्याने वर्ष वाचत नाही. दोन वर्षे पेरणी करून कापणीच्या वेळी शेत सोडून जाण्यासारखा हा व्यवहार आहे. उलट बाजूही पाहायला हवी. मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचे नाही, त्यामुळे पाटीवर ते कोणीही लिहू शकते. ज्या शाळेत साधने कपाटात कुलूपबंद असतात आणि चार वर्षांची मुले रांगेत बसून वह्या भरतात, तिथे तिसऱ्या वर्षाची फी भरण्यात काही अर्थ नाही. पुन्हा नाव घालण्यापूर्वी पालकांनी तासभर वर्गात बसून पाहावे.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. नाशिकहून सावळघाट ओलांडून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा आदिवासी तालुका. कोकणा, महादेव कोळी आणि वारली कुटुंबांची वस्ती पाड्यापाड्यांवर विखुरलेली. भात, नागली, वरई ही पावसावरची पिके. पाऊस भरपूर, पण डोंगरउतारावर पाणी टिकत नाही. म्हणून पिके घरात आली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. ऑक्टोबरची छाटणी, घडांची विरळणी (थिनिंग), मग फेब्रुवारी-मार्चची काढणी. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि मजुरीचे वर्ष दिवाळीच्या आसपास, आणि लहान मूल आईबरोबरच जाणार. इथे तीन वर्षांचे सातत्य तुटते ते फीमुळे नव्हे. जूनमध्ये अंगणवाडीच्या रजिस्टरात नाव येते, पण थंडीत मूल बागेच्या कडेला झोळीत असते किंवा मातीत खेळत असते. घरात कोकणी बोलणाऱ्या मुलाची अंगणवाडीतल्या मराठीशी नुकतीच ओळख होत असते, तीही मधेच थांबते.

या अडचणीवर मराठी बालशिक्षणाने ऐंशी वर्षांपूर्वीच उत्तर शोधले होते, आणि तेही पेठसारख्याच मुलखात. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला मॉन्टेसरी पद्धतीवर बालमंदिर काढले. ताराबाई मोडक 1923 मध्ये तिथे रुजू झाल्या आणि 1926 मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. स्वतः मारिया मॉन्टेसरी भारतात आल्या त्या 1939 साली. म्हणजे पद्धत त्यांच्या आधी इथे पोहोचली होती. पण ती शहरात आणि पैसेवाल्यांत अडकली आहे, हे ताराबाईंना खटकत होते. 1945 मध्ये त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. परदेशी महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, काटक्या, दगडगोटे आले. मोजायला आणि लहानमोठे ओळखायला ते पुरेसे होते.

1956 नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले ढोरांमागे रानात जात, म्हणून शाळा रानात गेली. ‘विकासवाडी’ या तिथल्याच प्रयोगात तान्ह्यांचे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी थांबणारी मोठी बहीण त्याला कडेवर घेऊनच शाळेत येऊ लागली, आणि पाळणाघरातले मूल पुढे आपसूक बालवाडीत सरकले. दरवर्षी पुन्हा नोंदणीचा प्रश्नच उरला नाही. आजच्या परिभाषेत याला सातत्य म्हणतात. ताराबाईंनी आवाराची रचना बदलून ते साधले. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 साली पद्मश्री मिळाली.

एकात्मिक बाल विकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आहार, लसीकरण आणि वजन-उंचीच्या नोंदींत शिकण्याचा तास मात्र अनेक ठिकाणी मागे पडला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, तेव्हा तिसऱ्या वर्षाचे महत्त्व निदान कागदावर तरी मान्य झाले.

कुटुंब हलले तरी मुलाची नोंद हलावी, याची सोय आता आहे. अंगणवाडीचा लाभ मूल जिथे असेल तिथे मिळू शकतो आणि अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर या ॲपवर त्याची नोंद एका केंद्रातून दुसरीकडे वळवता येते. सहा वर्षांवरील मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला, तरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. या तरतुदी वापरल्या तरच कामाच्या. पेठहून बागेवर निघताना आईवडिलांनी सेविकाताईंना मुक्कामाचे गाव सांगावे, बागायतदारांनी मजुरांच्या मुलांना गावातल्या अंगणवाडीत धाडावे, आणि होळीला परतल्यावर मुलाला जूनची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी पाड्यावरच्या अंगणवाडीत बसवावे.