संगणकाचा गाभा : घरीं घडवावा कीं आयता घ्यावा ?

संगणकाच्या सर्व यंत्रणेवर ज्या आज्ञावलीची सत्ता चालते तीस कर्नेल, म्हणजेच गाभा, असें म्हणतात. स्मृतीची वांटणी, तबकडीवरील लेखनवाचन, जाळ्याशीं व्यवहार, हीं सर्व कामें त्याच्याच हुकमतींत चालतात. लायनस टॉरवल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें विद्यार्थिदशेंत असतां १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला लिनक्स हा असाच एक गाभा होय. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळें कोणाही जाणत्यास आपल्या गरजेप्रमाणें गाभा बेतून घेतां येतो. उलटपक्षीं डेबियन, रेड हॅट यांसारख्या संस्था तयार गाभाही पुरवितात. यांपैकीं कोणता पत्करावा ?

आयत्या गाभ्यास नाना प्रकारच्या यंत्रांवर चालावें लागतें. म्हणून त्याजबरोबर असंख्य उपकरणांचे चालक येतात. हा पसारा पाहून तो जड असलाच पाहिजे, असा तर्क मनांत येतो. परंतु तो पुरता खरा नव्हे. हे चालक बहुधा सुट्या भागांच्या रूपानें तबकडीवर पडून असतात व जें उपकरण जोडलेलें असेल त्याचाच भाग स्मृतींत घेतला जातो. बाकीचे थोडी जागा अडवितात, इतकेंच. त्यामुळें सामान्य संगणकावर स्वतः गाभा घडवून मिळणारा वेग सहसा जाणवण्याइतका नसतो.

घडविणारास जोखीम मात्र पत्करावी लागते. ज्या तबकडीवर सारी व्यवस्था सांठविली आहे तिचाच चालक निवडावयाचा राहिला, तर यंत्र आरंभींच अडून बसतें. म्हणून जुना गाभा काढून न टाकतां नव्याशेजारीं राखणें, हा शहाणपणाचा मार्ग होय.

याहून मोठा प्रश्न देखभालीचा. २०१६ च्या ऑक्टोबरांत ‘डर्टी काऊ’ नांवाचा दोष उघडकीस आला. तो २००७ पासून गाभ्यांत दडून होता व त्याच्या आधारें सामान्य वापरणारासही सर्वाधिकार बळकावतां येत. पुरवठादारांनीं दुरुस्त गाभे दिले. ते बसविले कीं काम सरलें. ज्यांनीं आपला गाभा आपण घडविला होता त्यांस मात्र दुरुस्त संहिता आणून तो पुन्हां घडविणें भाग पडलें. घरीं दळणारानें खडेही घरींच निवडले पाहिजेत !

तथापि स्वतंत्र गाभ्यास स्थानच नाहीं असें नव्हे. अल्प स्मृतीचें लहान उपकरण, पुरवठादारानें न दिलेला चालक, अथवा गाभ्याच्या अभ्यासाची जिज्ञासा, अशा प्रसंगीं तो घडविणें सार्थ ठरतें. ज्यास आपली गरज नेमकी सांगतां येते व पुढील प्रत्येक दुरुस्तीचा भार वाहण्याची ज्याची तयारी आहे, त्यानें तो अवश्य घडवावा. इतरांस आयता गाभाच हितावह होय.