विरघळणारा धातू

हात किंवा पाय मोडला, की डॉक्टर प्लॅस्टर घालतात. हे तुम्ही पाहिले असेल. परंतु कधी कधी हाडाचे तुकडे जागेवर राहत नाहीत. मग शस्त्रक्रिया करून ते धातूची पट्टी व स्क्रू यांनी जोडावे लागतात. ही पट्टी बहुधा पोलादाची किंवा टायटॅनियमची असते.

घराचा स्लॅब टाकताना गवंडी खाली टेकू लावतात. स्लॅब पक्का झाला, की टेकू काढून घेतात. हाडाच्या पट्टीचे कामही असेच असते. पण ती काढायची म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा खर्च! मुलांची हाडे वाढत असतात, म्हणून त्यांच्या शरीरातील पट्टी अनेकदा काढावीच लागते. काम झाल्यावर ती आपोआप नाहीशी झाली तर?

हा विचार जुना आहे. १८७८ साली अमेरिकेतील डॉक्टर हूस यांनी मॅग्नेशिअमच्या तारेने रक्तवाहिन्या बांधून रक्तस्राव थांबवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमचे शल्यचिकित्सक लांबॉट यांनी एका रुग्णाच्या पायाच्या हाडाला मॅग्नेशिअमची पट्टी बसवली. स्क्रू मात्र पोलादी होते. थोड्याच दिवसांत पट्टी झिजून गेली आणि त्वचेखाली वायू साठला.

असे का झाले? मॅग्नेशिअमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो. शिवाय शरीरातील द्रव खारट असतो. अशा द्रवात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले, की विजेच्या घटासारखी क्रिया होते आणि त्यांतील एक धातू भराभर झिजतो. लांबॉट यांनी हार मानली नाही. त्यांनी व त्यांचे सहकारी डॉक्टर वेरब्रुग यांनी पोलाद टाळून पुढे प्रयोग केले.

मॅग्नेशिअम आपल्याला परके नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत असते. जास्तीचे मॅग्नेशिअम मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. खरी अडचण वेगाची होती. हाड जुळेपर्यंत धातू टिकला पाहिजे. म्हणून शास्त्रज्ञांनी त्यात इतर धातू मिसळून सावकाश झिजणारे मिश्रधातू बनवले. २०१३ साली जर्मनीत तयार झालेल्या अशा स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली.

हे स्क्रू पोलादाइतके मजबूत नसतात. म्हणून ते मुख्यतः लहान हाडांसाठी वापरतात. मांडीच्या हाडासारखा मोठा भार पेलायला अजून पोलाद किंवा टायटॅनियमच लागते. तरीही ज्या झिजण्यामुळे पहिला प्रयोग फसला, तोच गुण आज रुग्णाची दुसरी शस्त्रक्रिया वाचवतो.