पुढल्या पर्वाची वाट

सन 2018 च्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या निबंधाच्या वह्या तपाशीत असतां एका वहीच्या शेवटच्या पानावर आम्हांस एक विचित्र गणित आढळलें. 'पृथ्वी ते मंगळ, बावीस कोटी पन्नास लक्ष किलोमीटर' असें वर लिहून खालीं वर्गमूळ काढिलें होतें, व शेवटीं 'सहा दिवस' हें उत्तर दोन रेघांमध्यें मांडलें होतें. त्याखालीं एक प्रश्न होता : 'नाओमी नव्या ग्रहावर उतरली तर तिला उभें राहतां येईल काय ?' निबंधाचा विषय 'पावसाळ्यांतील एक दिवस' असा होता. आम्हीं त्या पानावर तांबड्या शाईनें फुली मारिली आणि मुलास बोलावून चार शब्द सुनाविले. त्या चार शब्दांचा आम्हांस पुढें पश्चात्ताप झाला. तो कां झाला, हें सांगण्याकरितांच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

मुलगा 'दि एक्सपान्स' नांवाच्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या चौथ्या पर्वाची वाट पाहत होता. ही मालिका डॅनिएल अब्राहाम व टाय फ्रँक या जोडीनें 'जेम्स एस. ए. कोरी' या एकाच टोपणनांवानें लिहिलेल्या कादंबऱ्यांवर रचिलेली आहे. पहिली कादंबरी 2011 सालीं प्रसिद्ध झाली, आणि मालिकेचें पहिलें पर्व डिसेंबर 2015 मध्यें सायफाय या वाहिनीवर सुरू झालें. कथेचा काळ आजपासून कांहीं शतकें पुढचा आहे. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचें राज्य आहे. मंगळ हें स्वतंत्र लष्करी राष्ट्र झालें आहे. आणि मंगळ व गुरु यांच्यामधील लघुग्रहांवर पाणी व हवा यांसाठीं देखील दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहणारी कष्टकरी प्रजा राहते. मंगळावरील मरिनर दरींत हिंदी, चिनी व टेक्सासमधील लोकांनीं वसाहत केली, असेंही कथाकार सांगतात. त्यामुळें आलेक्स कमाल हा हिंदी वंशाचा चालक अस्सल टेक्सासी हेल काढून बोलतो. (मालिकेंतील कित्येकांच्या तोंडची भाषा मात्र फारच शिवराळ आहे. तेव्हां खालच्या इयत्तांच्या मुलांस ही मालिका पाहा असें आम्ही सांगत नाहीं.)

दिवाळीच्या सुटींत, त्या मुलाचें म्हणणें तरी काय आहे हें पाहावें म्हणून, आम्हीं तिन्ही पर्वांचे छत्तीस भाग पाहिले. सुटी संपली तेव्हां त्याच्याप्रमाणेंच आम्हीही चौथ्या पर्वाची वाट पाहूं लागलों होतों.

आतां वाट पाहणें म्हणजे काय, याचा थोडा विचार करूं. पुष्कळ मालिकांच्या पर्वाचा शेवट एखाद्या अडचणींत नायकास लोटून केलेला असतो, आणि पुढें काय होईल हें सर्वस्वीं लेखकाच्या लहरीवर अवलंबून असतें. अशा ठिकाणीं प्रेक्षकानें केलेला तर्क म्हणजे निव्वळ सोडत होय. या मालिकेची गोष्ट निराळी आहे. हिच्यांतील जगास नियम आहेत, आणि ते बहुतांशीं आमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतलेच आहेत. यानांत पाय जमिनीस टेकावे म्हणून कोणतीही जादूची कळ येथें नाहीं. इंजिन चालू असेल तोंवर त्वरणामुळें वजन लाभतें. तें बंद पडलें कीं माणसें तरंगूं लागतात. निम्मा प्रवास झाला म्हणजे यान उलटें फिरवितात आणि तेंच इंजिन वेग कमी करण्याच्या कामीं येतें. पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या एक तृतीयांश त्वरणानें, याप्रमाणें अर्ध्या वाटेवर उलटून, मंगळाचें सरासरी अंतर तोडावयाचें तर किती वेळ लागेल ? आम्हीं स्वतः कागद घेऊन हिशेब केला. उत्तर सहा दिवस आलें. मुलाचें गणित बरोबर होतें आणि आमची फुली चुकीची होती.

कथाकारांनीं एक मोठी सवलत घेतली आहे, ती कबूल केली पाहिजे. इतका काळ इतक्या थोड्या इंधनावर चालणारें इंजिन आज कोणापाशींही नाहीं. तें एप्स्टीन नांवाच्या मंगळवासी गृहस्थाच्या हातून तयार झालें, असें कथेंत मानिलें आहे. तसेंच सीरीस हा लघुग्रह गरगर फिरवून त्याच्या पोटांत वजन उत्पन्न केलें आहे. खरा सीरीस असा फिरविला तर त्याचे तुकडे उडतील, असें आमच्याच विज्ञानमंडळांतील एका मुलानें दाखवून दिलें. परंतु एकदां तो फिरतो असें मानिल्यावर मग मात्र कथाकार नियम मोडीत नाहींत. तेथें पेल्यांत ओतलेलें मद्य सरळ न पडतां वांकून पडतें, तें फिरत्या जगांत जसें पडावें तसेंच.

लघुग्रहांवर अल्प वजनांत वाढलेल्या माणसांचीं हाडें लांब व ठिसूळ होतात, हाही त्यांतलाच एक नियम होय. नाओमी नागाता ही त्या प्रजेंतली. तिसऱ्या पर्वाच्या शेवटीं एका प्रचंड वर्तुळाकार दारांतून तेराशेहून अधिक परक्या सूर्यमालांचे मार्ग खुले होतात, आणि तेथेंच पर्व संपतें. सर्व जग नव्या भूमीकडे धांव घेणार हें उघड होतें. पण ज्यांचे देह भूमीवर उभे राहण्याजोगे उरलेच नाहींत, त्यांनीं काय करावें ? आमच्या नववींतल्या मुलानें निबंध लिहिण्याचें सोडून हाच प्रश्न मांडला होता, आणि आम्हीं त्यावर फुली मारिली होती.

या कथेंत स्वतः पात्रांनाही सारखी वाट पाहावी लागते, आणि आमच्या मतें मालिकेची खरी खुबी ती आहे. प्रकाशाच्या वेगाहून जलद निरोप जात नाहीं. मंगळ जवळ असतां पृथ्वीवरचा शब्द तेथें सुमारें तीन मिनिटांत पोंचतो, अति दूर असतां बावीस मिनिटें लागतात, आणि शनीपर्यंत तर एका तासाहून अधिक. तेव्हां दूरच्या माणसांत संभाषण असें होतच नाहीं. एकानें सगळें बोलून टाकावें आणि मग उत्तराची प्रतीक्षा करावी. लढाईचा हुकूम सुटतो तेव्हां ज्या परिस्थितीसाठीं तो सोडिला ती पालटलेली असते. आई मुलाशीं बोलते तेव्हां तो जिवंत आहे कीं नाहीं हें तिला ठाऊक नसतें. याच कथेंत मॉर्मन पंथाचे लोक 'नॉवू' नांवाचें अजस्र यान बांधीत असतात. त्याचा प्रवास शंभर वर्षांचा, म्हणजे चढणारांपैकीं बहुतेकांस मुक्काम दिसावयाचा नाहीं. तें यान पुढें भलत्याच कामीं लागतें, तो भाग निराळा.

हप्त्याहप्त्यानें कथा सांगण्याची रीत कांहीं नवी नव्हे. एच्. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी 1897 सालीं पीअर्सन्स मासिकांतून क्रमशः निघाली. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही 1890 पासून 'करमणूक' पत्रांतून येऊं लागली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं 'केरळ कोकिळ' मासिकांत ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाचें मराठी रूप असेंच खंडशः छापलें गेलें. पुढचा अंक येईतोंपर्यंत वाचकाच्या मनांत कथा चालूच राहत असे.

पण अंक येईल ही खात्री असेल तरच ती गोडी. 'दि एक्सपान्स'च्या बाबतींत ती खात्रीच एकदां नाहींशी झाली. मे 2018 मध्यें, तिसरें पर्व चालू असतांनाच, सायफाय वाहिनीनें ही मालिका पुढें न चालविण्याचें जाहीर केलें. कारण व्यवहाराचें होतें. वाहिनीच्या हातीं अमेरिकेंत प्रथम प्रक्षेपण करण्याचा हक्क तेवढा होता. प्रेक्षक मात्र आपल्या सवडीनें इतर मार्गांनीं ती पाहत होते, आणि त्यांची मोजदाद वाहिनीच्या पदरीं पडत नव्हती. मग प्रेक्षकांनीं स्वतःची मोजदाद करून दाखविली. अर्जावर एक लक्षाहून अधिक सह्या झाल्या. वर्गणी काढून 'दि एक्सपान्स वांचवा' अशा आशयाचा फलक विमानामागें बांधून अमेझॉन कंपनीच्या कचेरीवरून फिरविला. कथेंतील 'रोसिनांटे' या यानाची लहानशी प्रतिकृति फुग्यास बांधून वातावरणाच्या वरच्या थरांत धाडली. (रोसिनांटे हें डॉन किहोटेच्या मरतुकड्या घोड्याचें नांव, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.) त्याच महिन्याच्या अखेरीस लॉस एंजेलिस येथील अवकाशविषयक परिषदेंत अमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनीं मालिका वांचल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं मालिकेचे नट तेथें हजर होते.

यानंतरची वाट सुमारें साडेअठरा महिन्यांची. चौथें पर्व 13 डिसेंबर 2019 रोजीं आलें आणि त्याचे दहाही भाग एकाच दिवशीं मोकळे केले. मुलगा तेव्हां दहावींत होता. पूर्वपरीक्षा तोंडावर आली असतां त्यानें दोन रात्रींत सगळें संपविलें, असें त्याच्या आईनें आम्हांस तक्रारीच्या सुरांत कळविलें. नाओमी त्या पर्वांत औषधें घेऊन नव्या ग्रहावर उतरते, पाऊलभर चालण्याची शिकस्त करते, आणि अखेर देह साथ देईना म्हणून यानांत परत जाते. कादंबऱ्या आधीं वाचलेल्या मंडळीस याचें नवल वाटलें नसेल. आमच्या विद्यार्थ्यानें त्या वाचल्या नव्हत्या. दीड वर्षापूर्वीं त्यानें एका नियमावरून तर्क केला होता आणि तो खरा ठरला. त्या दिवशीं आम्हीं त्यास बोलावून त्या फुलीबद्दल क्षमा मागितली. "गुरुजी, त्या निबंधाला मार्क कमीच पडायला हवे होते," असें तो म्हणाला, आणि तेंही खरेंच होतें.

पांचव्या पर्वाच्या वेळीं रीत पालटली. 16 डिसेंबर 2020 रोजीं पहिले तीन भाग आले, आणि पुढें 3 फेब्रुवारी 2021 पर्यंत दर आठवड्यास एक. महामारीचे दिवस होते. माजी विद्यार्थ्यांपैकीं पांचसहा जण दर गुरुवारीं रात्रीं दूरध्वनीवर एकत्र येत आणि पुढच्या भागाविषयीं तर्क लढवीत. आम्हांसही त्यांनीं आग्रहानें ओढलें. एका रात्रींत दहा भाग गिळणाऱ्यास हें सुख मिळत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. मधले सात दिवस रिकामे गेले नाहींत. कोणी धूमकेतूची कक्षा काढी, कोणी निर्वात जागीं माणूस किती क्षण शुद्धीवर राहील याची चौकशी करी. एकानें तर आमच्याच जुन्या पुस्तकांतली चूक काढिली.

सहावें पर्व अवघ्या सहा भागांचें होतें. तें 14 जानेवारी 2022 रोजीं संपलें आणि मालिका तेथें थांबली. एकंदर बासष्ट भाग झाले. कादंबऱ्या नऊ आहेत; शेवटच्या तीन पडद्यावर आल्या नाहींत, कारण सहाव्या व सातव्या कादंबरीच्या मध्यें कथेंत सुमारें तीस वर्षें लोटतात. तरी निर्मात्यांनीं सहाव्या पर्वांत लाकोनिया नांवाच्या दूरच्या ग्रहावरील एका लहान मुलीची व तिच्या मेलेल्या भावाची गोष्ट सुरू केली, आणि ती उघडीच ठेविली. दार लावून घेणाऱ्या माणसानें असें कां करावें ?

हाच प्रश्न आम्हीं त्या विद्यार्थ्यास विचारिला. तो आतां अभियांत्रिकी शिकतो. त्याचें उत्तर आलें कीं, नटांचीं वयें आपोआप वाढत आहेत. तीस वर्षें थांबल्यास केस पांढरे रंगविण्याचा खर्च वांचेल. पत्राच्या खालीं त्यानें एक गणित घातलें आहे. तें आम्हीं अजून तपाशीत आहों.