होडींतील दुसरी बॅटरी

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावते, डोंगर उतरून पोलादपुरावरून महाडास येते आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. घाटांतील पाऊस व खाडीची भरती यांची गांठ महाडापाशीं पडते. एके काळीं याच भरतीच्या बळावर शिडाचीं गलबतें दासगांव-महाडपर्यंत येत. परंतु पुराच्या वेळीं तीच भरती वरून येणारें पाणी अडवून धरते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं मुंबई-गोवा मार्गावरील १९२८ सालचा महाडजवळचा पूल पुरांत कोसळला आणि कित्येक दिवस होड्यांतून नदीचा शोध चालला. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर जलमय झालें. वीज गेली, रस्ते बुडाले. अशा वेळीं सर्वांचे डोळे होडीकडे लागतात.

लहान होडीचें यंत्र दोरी ओढून सुरू करतां येतें. मोठ्या यंत्रास बॅटरीच लागते. त्याच बॅटरीवर शोधदीप, बिनतारी यंत्र आणि तळांत सांचलेलें पाणी उपसणारा पंप हीं चालतात. एखाद्या छपरावरून येणारी क्षीण हांक ऐकूं यावी म्हणून खलाशी मधून मधून यंत्र बंद करतो. दिवा व पंप मात्र चालूच राहतात. असें रात्रभर चाललें, म्हणजे हांकेचा पत्ता लागूनही यंत्र सुरू होत नाहीं, असा प्रसंग येतो. म्हणून जाणते लोक होडींत दोन बॅटऱ्या ठेवतात. एक केवळ यंत्र सुरू करण्यासाठीं. तिच्यांतील पत्रे पातळ व पुष्कळ असल्यानें ती क्षणभर मोठा प्रवाह देते. दुसरी इतर कामांसाठीं; तिचे पत्रे जाड असल्यानें ती थोडा प्रवाह पुष्कळ वेळ पुरविते.

आतां यंत्राच्या एकाच आल्टरनेटरनें दोन्ही बॅटऱ्या कशा भरावयाच्या? दोन्ही कायमच्या जोडून ठेवणें म्हणजे दोन हौदांच्या तळाशीं नळी घालणें होय. भरतांना दोन्ही भरतील हें खरें. पण एक उपसला कीं दुसराही रिता होईल. मग दुसरी बॅटरी बाळगण्याचा हेतूच नाहींसा होतो.

यावर पहिला उपाय हातानें फिरवावयाच्या स्विचचा. पण तो फिरविण्याचें ध्यान माणसानें ठेवावयाचें, आणि पुराच्या रात्रीं तेवढें स्वास्थ्य कोणास असतें? शिवाय यंत्र चालू असतां चुकून दोन्ही बॅटऱ्या सुटल्या तर आल्टरनेटरचे आंतील भाग जळण्याचा संभव असतो. दुसरा उपाय डायोडचा. डायोड ही विजेची एकमार्गी झडप होय. ती बसविल्यास एकीचा प्रवाह दुसरीकडे जात नाहीं. मात्र साधा सिलिकॉनचा डायोड सुमारें ०.७ व्होल्ट दाब स्वतःच गिळतो. शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीस भरण्यासाठीं सुमारें १४.४ व्होल्ट हवे असतां १३.७ च पोंचले, तर ती अर्धवट भरत राहते व लौकर निकामी होते.

तिसरा व पुष्कळांस पसंत असलेला उपाय म्हणजे दाब ओळखणारा रिले. यंत्र सुरू होऊन पहिल्या बॅटरीचा दाब सुमारें १३.३ व्होल्टपर्यंत चढला कीं तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. यंत्र थांबून दाब १२.८ च्या आसपास उतरला कीं तोडतो. हौदांमधील नळीस पाणी येतांच उघडणारी व थांबतांच मिटणारी तोटी बसवावी, तसें हें आहे. दुसरी बॅटरी लिथियमची असल्यास मात्र प्रवाहावर मर्यादा ठेवणारा वेगळा चार्जर लावावा लागतो.

तार व फ्यूज यांची हयगय झाली तर उत्तम रिलेही व्यर्थ. दोन बॅटऱ्यांत ५ मीटर अंतर असलें तर जाण्यायेण्याची तार १० मीटर होते. १० चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंतून ३० अँपिअर प्रवाह गेल्यास अर्धा व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो. २५ चौरस मिलिमीटरच्या तारेंत हीच तूट सुमारें ०.२ व्होल्टवर येते. या तारेस वीज दोन्हीकडून येते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांस, बॅटरीच्या अगदीं लगत, फ्यूज हवा. एकच ठेवला आणि तार मध्येंच घासून उघडी पडली, तर फ्यूज नसलेल्या बाजूची बॅटरी तिला जाळील. खाडीच्या खाऱ्या हवेंत तांबें हिरवें पडून खराब होतें, यासाठीं कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी.

शेवटीं परीक्षा. यंत्र बंद ठेवून तासभर दिवे लावावे. पहिल्या बॅटरीचा दाब मुळींच उतरतां कामा नये. मग यंत्र सुरू करावें. कांहीं वेळानें दुसरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या सुमारास दाब दिसला पाहिजे. ही परीक्षा मृग लागण्यापूर्वीं, होडी काठास बांधलेली असतांनाच, करून घ्यावी. पूर आल्यावर चूक सुधारण्यास सवड मिळत नाहीं.